‘संदेष्टा’, ‘प्रेषित’ आणि ‘नबी’ : बायबलमधील भाकितांचे इस्लामी अर्थनिर्णय व मराठी शब्दांची साक्ष

आज प्रचलित असलेले मराठी बायबल भारतीय बायबल सोसायटीने प्रसिद्ध केलेले आहे आणि या संस्थेचे मुख्य कार्यालय बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर आहे. या भाषांतरात हिब्रू ‘नावी’ या संज्ञेसाठी ‘संदेष्टा’ हा शब्द योजिला आहे, तर ग्रीक ‘अपोस्तोलोस’साठी, म्हणजे येशूने पाठविलेल्या शिष्यांसाठी, ‘प्रेषित’ हा. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे ग्रंथनाम सर्वपरिचित आहे. मराठीतील इस्लामविषयक लेखनात मात्र ‘प्रेषित’ म्हटले की मुहम्मद पैगंबर अभिप्रेत असतात. एकाच भाषेत एकच शब्द दोन धर्मपरंपरांनी दोन वेगळ्या पदांसाठी वापरावा, ही गोष्ट केवळ कोशकाराच्या नोंदीपुरती मर्यादित नाही. तिच्यामागे बारा शतकांहून अधिक काळ चाललेला एक वाद उभा आहे. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत मुहम्मदांच्या आगमनाची सूचना आहे काय, हा तो वाद होय.

हा वाद धर्मशास्त्रीय दृष्टीने निकाली काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळा आहे. उत्तरकालीन ग्रंथ पूर्वकालीन ग्रंथाचे वाचन कोणत्या रीतीने करतो, आणि त्या वाचनात भाषांतराचा वाटा किती, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

१. भूमिका : भविष्य नव्हे, शुभवार्ता

इस्लामी अर्थनिर्णयाचा उगम कुराणातच आहे. सातव्या सूरेतील १५७ व्या आयतीनुसार तौरात व इंजील या ग्रंथांत ‘उम्मी’ नबीचा उल्लेख सापडतो. एकसष्टाव्या सूरेतील सहाव्या आयतीनुसार येशूने आपल्यामागून येणाऱ्या ‘अहमद’ नावाच्या रसूलाची वार्ता दिली. या वार्तेला परंपरेने ‘बशारत’ म्हणजे शुभवार्ता अशी संज्ञा दिली. पैगंबर ही एक मालिका असून प्रत्येक पैगंबर पूर्वीच्या ग्रंथाला दुजोरा देतो, असे हे तत्त्व आहे. म्हणून पूर्वग्रंथात उत्तरकालीन पैगंबराचा निर्देश असणे इस्लामी विचाराला स्वाभाविक वाटते.

या भूमिकेत एक ताण सुरुवातीपासूनच आहे. पूर्वग्रंथांत ‘तहरीफ’, म्हणजे फेरफार, झाला असेही हीच परंपरा मानते. मग फेरफार झालेला ग्रंथ साक्षीला कसा काढावा? काही विद्वानांच्या मते मूळ शब्द शाबूत असून केवळ अर्थाचा विपर्यास झाला. अंदलुसियातील इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांच्यासारख्यांनी संहितेवरच कठोर आक्षेप घेतला. या दोन टोकांच्या मधल्या जागेत भाकितांचे सारे वाङ्मय निर्माण झाले.

२. तीन स्थळे

पहिले स्थळ अनुवादाच्या अठराव्या अध्यायातील. मोशेसारखा एक संदेष्टा ‘भावां’मधून उभा केला जाईल, असे वचन तेथे आहे. यहुदी भाष्यकारांनी त्याचा अर्थ यहोशवा किंवा इस्राएलातील संदेष्ट्यांची परंपरा असा लावला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात ते येशूला लावले आहे. मुस्लिम विद्वानांनी असा प्रश्न केला की, इस्राएलाचे ‘भाऊ’ म्हणजे इस्माएलाचे वंशज का नव्हेत? स्वतंत्र धर्मशास्त्र देणारा आणि समाजाचे नेतृत्व करणारा मोशेसदृश पुरुष मुहम्मदच नव्हेत काय? त्यांच्या बाजूने असे दाखविता येते की, याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएलाबाहेरच्या अदोमी माणसालाही भाऊ म्हटले आहे. विरुद्ध बाजूने असे दाखविता येते की, सतराव्या अध्यायात राजा ‘भावां’पैकीच असावा, परका नसावा, असे सांगताना तोच शब्द इस्राएलाच्या आतल्या माणसांसाठी येतो. कोशगत अर्थाने वाद मिटत नाही. कोणता संदर्भ प्रमाण मानावा, येथे तो अडतो.

दुसरे स्थळ यशयाच्या एकविसाव्या अध्यायातील. पहारेकऱ्याला गाढवावरचे आणि उंटावरचे स्वार दिसतात. मूळ संदर्भ बाबेलच्या पतनाचा आहे. मुस्लिम वाचनात गाढवावरचा स्वार येशू आणि उंटावरचा मुहम्मद ठरतो. पूर्वेकडील सिरियाक चर्चचे प्रमुख पहिले तिमथी आणि खलीफा अल्-महदी यांच्यात इ. स. ७८१ च्या सुमारास झालेल्या संवादात हे स्थळ चर्चेला आले होते. म्हणजे आठव्या शतकातच हे अर्थनिर्णय दरबारी वादाचा भाग झाले होते.

तिसरे स्थळ योहानाच्या शुभवर्तमानातील ‘पाराक्लेतोस’. इब्न इसहाक (मृत्यू ७६७ च्या सुमारास) यांनी रचलेल्या आणि इब्न हिशाम यांच्याद्वारे आपल्यापर्यंत आलेल्या पैगंबरचरित्रात योहानाचा एक उतारा अरबीत येतो. त्यात ‘पाराक्लेतोस’च्या जागी ‘मुनह्हमना’ हा सांत्वनकर्ता या अर्थाचा अरमाइक शब्द आहे आणि तो मुहम्मदांचे नाव म्हणून घेतला आहे. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, या वाचनाचा सर्वांत जुना पुरावाच भाषांतराच्या वाटेने आलेला आहे. नवव्या शतकात अली इब्न रब्बन अत्-तबरी यांनी अशा स्थळांचा विस्तृत संग्रह केला. ते स्वतः ख्रिस्ती परंपरेतून इस्लाममध्ये आले होते.

३. पद्धतीची कसोटी

ही वाचने ओढूनताणून केलेली आहेत, असा शेरा मारणे सोपे आहे. तो मारण्यापूर्वी ख्रिस्ती परंपरेने हिब्रू ग्रंथाचे वाचन कसे केले ते पाहावे. यशयाच्या सातव्या अध्यायातील ‘अल्मा’, म्हणजे तरुणी, सेप्तुआजिंत या ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, झाली आणि मत्तयाने तो शब्द येशूच्या जन्माला लावला. यहुदी वाचकाने त्यावर घेतलेला आक्षेप आणि ‘उंटावरच्या स्वारा’वर ख्रिस्ती वाचकाने घेतलेला आक्षेप यांची जात एकच आहे. इस्लामने ख्रिस्ती ग्रंथाशी जे केले, ते ख्रिस्ती धर्माने यहुदी ग्रंथाशी आधीच केले होते.

पण पद्धत समान आहे म्हणून सर्व युक्तिवाद समान वजनाचे ठरत नाहीत. ‘पार्थेनोस’ हे वाचन प्रत्यक्ष भाषांतरात नोंदलेले आहे. याउलट, मूळ शब्द ‘पाराक्लेतोस’ नसून ‘पेरिक्लुतोस’, म्हणजे कीर्तिमान, पर्यायाने ‘अहमद’, असावा या तर्काला योहानाच्या एकाही ज्ञात ग्रीक हस्तलिखिताचा आधार नाही. संहितेत असलेल्या शब्दाचा नवा अर्थ लावणे आणि संहितेत नसलेला शब्द कल्पिणे, यांतील सीमारेषा अभ्यासकाने पुसू नये.

तिसरा प्रकार अंकगणिताचा. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात इस्माएलाविषयी ‘बिमओद मओद’ (अतिशय) असे शब्द येतात. त्यांची हिब्रू अक्षरमूल्ये मिळून ९२ होतात आणि अरबीतील ‘मुहम्मद’ या नावाचीही म, ह, म, द अशी ४०, ८, ४० व ४ मिळून ९२ होतात. यहुदी धर्म सोडून ११६३ मध्ये इस्लाम स्वीकारणारे समवअल अल्-मघरिबी यांनी हा युक्तिवाद मांडला. यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी येमेनमधील यहुद्यांना ११७२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात अशा युक्तिवादांना उत्तर दिले. ते पत्र धर्मांतराच्या सक्तीखाली सापडलेल्या समाजाला लिहिलेले होते. एका शब्दाच्या अर्थावर एका समाजाचे धैर्य अवलंबून असू शकते, याची आठवण ते पत्र देते.

४. भारतातील वळण

एकोणिसाव्या शतकात हा वाद भारतात नव्या साधनांनिशी उभा राहिला. मुंबईत जॉन विल्सन यांचा इस्पहानच्या हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी १८३० च्या दशकात लेखी वाद झाला. १८५४ मध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर समोरासमोर आले. कैरानवी यांच्या बाजूने युरोपातील बायबलचिकित्सेचाच आधार घेण्यात आला. मिशनऱ्यांच्या घरचे शस्त्र मिशनऱ्यांवर चालले. त्यांच्या ‘इजहारुल हक’ या अरबी ग्रंथात संहिताचिकित्सा आणि भाकितांची चर्चा एकत्र येतात. सर सय्यद अहमद खान यांनी १८६० च्या दशकात बायबलवर भाष्य लिहिले आणि १८७० च्या निबंधसंग्रहात मुहम्मदांविषयीच्या भाकितांवर स्वतंत्र निबंध दिला. बायबल बव्हंशी शाबूत आहे असे मानूनही हा अर्थनिर्णय करता येतो, हे त्यांनी दाखविले. एकाच काळात, एकाच प्रश्नावर, मुस्लिम विचारवंतांच्या भूमिका किती भिन्न असू शकतात याचे हे उत्तम उदाहरण होय.

५. मराठीची साक्ष

मराठीत बायबलकथेचे पहिले मोठे रूप म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’. त्याचे ‘पैले’ व ‘दुसरे’ असे दोन भाग आहेत. जुना करार ही नव्या कराराची पूर्वसूचना, हा ख्रिस्ती अर्थनिर्णय त्या रचनेतच गृहीत आहे. पुढे अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला आणि पंडिता रमाबाईंचे स्वतंत्र भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. जुन्या ख्रिस्ती मराठीत ‘नावी’साठी ‘भविष्यवादी’ हा शब्द रूढ होता. तो वाचणाऱ्याला नावी म्हणजे पुढचे सांगणारा असेच वाटणार. ‘संदेष्टा’ या शब्दाने भर भविष्यावरून संदेशावर नेला आणि नकळत तो ‘पैगंबर’ या फारसी शब्दाच्या अर्थाजवळ, म्हणजे ‘पैगाम आणणारा’ याच्याजवळ, येऊन पोहोचला. ‘प्रेषित’ तर ‘रसूल’ या शब्दाचे जवळजवळ शब्दशः रूप आहे.

आता वरील स्थळांकडे मराठीतून पाहावे. ‘भाऊ’ऐवजी ‘भाऊबंद’ म्हटले की चुलत घराणी आपोआप आत येतात आणि भाऊबंदकीचा वासही येतो. हिब्रूत ज्यासाठी युक्तिवाद करावा लागतो, ते नाते मराठी कान सहज ऐकतो. ‘पाराक्लेतोस’साठी मराठी बायबलात ‘कैवारी’ हा शब्द आहे. कैवार घेणारा हा आपल्या भाषेत हाडामांसाचा माणूसच असतो. ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ (आत्मा) नपुंसकलिंगी आणि ‘पाराक्लेतोस’ पुल्लिंगी असल्याने सर्वनामांच्या लिंगावरून वाद रंगतो. मराठीत ‘आत्मा’ही पुल्लिंगी, ‘कैवारी’ही पुल्लिंगी, ‘तो’ म्हटल्यावर वादाचे ते टोकच बोथट होते. भाषांतर वादाची एक वाट मोकळी करते आणि दुसरी बुजविते. दोन्ही गोष्टी भाषांतरकाराच्या हेतूवाचून घडतात.

या चित्रात मराठी भाषक यहुदी विसरून चालणार नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाला विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण दिले आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हा समाज मलिद्याच्या विधीत ‘एलियाहू हन्नाबी’चे स्मरण करतो. ‘हन्नाबी’तील ‘नाबी’ आणि शेजारच्या मुस्लिम घरातील ‘नबी’ हा मुळात एकच सेमिटिक शब्द. तोच एलिया कुराणात ‘इल्यास’ या नावाने येतो. ज्या शब्दावरून बगदाद व आग्रा येथे वादसभा भरल्या, तो अलिबागच्या परिसरात दोन शेजारी आपापल्या घरी उच्चारीत आले.

समारोप

भाकित ही संहितेतील वस्तू नसून वाचनातील क्रिया आहे, असे या विवेचनावरून म्हणता येईल. यहुदी वाचक वचन आपल्या इतिहासाच्या आत ठेवतो, ख्रिस्ती वाचक ते एका व्यक्तीत पूर्ण झालेले पाहतो, मुस्लिम वाचक ते मालिकेच्या शेवटच्या दुव्यापर्यंत नेतो. तिघांचेही वाचन आपापल्या गृहीतकांशी सुसंगत आहे. त्यांपैकी एकाचे गृहीतक उघड करावयाचे आणि दुसऱ्याचे झाकून ठेवावयाचे, हा अभ्यासातील अन्याय होय. मराठी अभ्यासकाच्या हाती यावर एक साधा उपाय आहे. ‘संदेष्टा’, ‘प्रेषित’, ‘नबी’, ‘पैगंबर’ यांपैकी कोणताही शब्द लिहिताना तो कोणाच्या घरातून आला आहे हे नोंदवावे. तेवढी दक्षता घेतली, तर वाद संपणार नाही. पण आपण न कळत त्यातील एका पक्षाचे कैवारी होणार नाही.