कोणता मासा पाळावा?

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही अशा माशांचे दुकान दिसते. दुकानातले हे मासे कोणीतरी वाढवूनच विकलेले असतात. मग ते काम आपण का करू नये, असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात. काम करण्याजोगे आहे. जागा थोडी लागते आणि फावल्या वेळात होते. पण मासा कोणता निवडावा, हा पहिलाच प्रश्न अवघड आहे.

बहुतेक लोक दुकानात जातात आणि दिसायला छान म्हणून पाच-सहा जातींचे मासे घेऊन येतात. महिन्याभरात निम्मे मरतात. पैसे अक्षरशः पाण्यात जातात! शेतकरी असे करीत नाही. तो आधी जमीन बघतो, मग बियाणे आणतो. माशाचेही तसेच आहे. आधी आपले पाणी बघावे, मग मासा आणावा.

पाणी जड की हलके?

आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. ते ओळखायला सोपे आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात क्षार जास्त असतात. निऑन टेट्रा, डिस्कस हे मासे फार सुंदर दिसतात, पण ते मूळचे ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. त्यांना हलके पाणी लागते. जड पाण्यात त्यांची पैदास होणे कठीण. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या चार जातींना मात्र जड पाणी मानवते. म्हणजे जे पाणी डाळीला वाईट, ते या माशांना चांगले!

अंडी की पिल्ले?

दुसरी गोष्ट पैदाशीची. गोल्डफिश अंडी घालतो. अंडी शेकडो असतात, पण आईबापच ती खाऊन टाकतात. शिवाय हा मासा मोठा होतो आणि त्याला पाणी पुष्कळ लागते. थायलंडकडचा फायटर मासा घ्या. त्याचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे करतो आणि अंडी राखतो. मोठे गमतीचे असते ते. पण दोन नर एकत्र ठेवले की मरेपर्यंत भांडतात. शंभर नर वाढवायचे तर शंभर बाटल्या हव्यात आणि शंभर बाटल्यांचे पाणी बदलायला हवे. शिवाय या दोन्ही जातींची पिल्ले इतकी बारीक असतात की त्यांना सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारे जीव खायला द्यावे लागतात.

वर सांगितलेल्या चार जाती अंडी घालीत नाहीत. त्या जिवंत पिल्लांना जन्म देतात. पिल्लू जन्मताच पोहते आणि चुरलेले कोरडे खाद्य खाते. म्हणून नवख्या माणसाने यांतलीच एक जात घ्यावी. एकच घ्यावी. एक ना धड, भाराभर चिंध्या असे होऊ नये.

गप्पीने सुरुवात करावी

आमचा सल्ला गप्पीचा आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसे पाण्यात सोडतात, तोच हा मासा. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. त्या बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी याचे नमुने लंडनला पाठविले. १८६६ साली त्यांच्यावरून त्याला नाव देण्यात आले. दुकानात विकतो तो याच जातीचा रंगीत, मोठ्या शेपटीचा वाण.

नर लहान आणि रंगीत असतो. मादी मोठी, फिकट आणि पोटाशी गोल असते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. साधारण चार आठवड्यांनी मादी विते, म्हणजे पिल्ले देते. ती स्वतःचीच पिल्ले खाते, म्हणून टाकीत दाट पाणवनस्पती ठेवावी आणि पिल्ले लगेच वेगळी काढावीत. टाकीत गर्दी नसेल तर हवेच्या पंपावाचूनही हे मासे जगतात. वीज गेली तरी घाबरायला नको.

पाण्याची एक सावधगिरी मात्र ठेवा. ज्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकली आहे, ते लगेच टाकीत ओतू नका. त्यातला क्लोरीन माशांना मारतो. पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मग वापरा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळे एकदम बदलू नका.

बियाणे राखा

बियाण्यासाठी आपण उत्तम कणीस राखतो. इथेही उत्तम नर-मादी विकू नयेत. नर ओळखू येऊ लागले की माद्यांपासून वेगळे करावेत. मादी एकदा नराला लागली की पुढे काही महिने त्याच बीजावर पिल्ले देते. भलत्या नराशी संबंध आला की वाण बिघडला. काही पिढ्यांनी बाहेरून त्याच वाणाचा चांगला नर आणावा. आपण बोकड बदलतो, तसेच हे.

आता हिशेब

समजा, माद्या ५ आहेत. महिन्याला प्रत्येकीची २० पिल्ले धरली तर १०० झाली. त्यांतली ४० मेली किंवा व्यंगाची निघाली. उरली ६०, म्हणजे ३० जोड्या. त्या विकण्याजोग्या व्हायला दोन-तीन महिने लागतात. दुकानदार स्वतः ज्या भावाने विकतो, त्या भावाने आपल्याकडून घेत नाही. म्हणून पैदास करण्याआधीच दोन-तीन दुकानांत जाऊन विचारावे : कोणता रंग चालतो? महिन्याला किती जोड्या घ्याल? काय भाव द्याल? मग खाद्याचा आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करावा. वहीत लिहून ठेवावे. लिहायला शिकलो ते याचसाठी.

शेवटी एक गोष्ट. मासे जास्त झाले किंवा कंटाळा आला, तरी ते ओढ्यात, तळ्यात सोडू नका. हौसेने आणलेला सकर मासा असाच लोकांनी पाण्यात सोडला. आज भारतातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत तो माजला आहे. त्याच्या अंगावर टणक कवच आणि काटे असतात. कोळ्यांची जाळी त्याने फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. आपली हौस दुसऱ्याच्या पोटावर येऊ नये. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. तेवढे जमत असेल तरच या छंदात पडा.