आजऱ्यातील आहेर : साह्यापासून सक्तीपर्यंत

लग्नकार्यातील आणि सणावारातील देवघेव गेल्या शतकभरात कशी बदलत गेली, हे समजून घेण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याचे उदाहरण उपयोगी पडते. कारण हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील भातशेती आणि मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजुरी या दोन आधारांवर येथील अनेक कुटुंबांचा संसार दीर्घकाळ चालला.

आहेर, म्हणजे कार्यप्रसंगी आप्तेष्टांनी यजमानांना द्यावयाची वस्त्रे, भांडी किंवा रोख रक्कम, ही मुळात परस्परसाह्याची व्यवस्था होती. मंडपात वही घेऊन बसलेला जाणता माणूस देणाऱ्याचे नाव, गाव आणि ११, २१, ५१ किंवा १०१ रुपयांचा आकडा लिहून घेई, आणि पुढे त्या घरी कार्य निघाले की तीच वही उघडून निदान तेवढा आहेर फेडला जाई. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटीच्या देवघेवीत देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने असतात असे प्रतिपादन केले. आहेराच्या वहीत ही तिन्ही बंधने स्पष्ट दिसतात. हाती रोकड नसलेल्या शेतकऱ्याचे कार्य या व्यवस्थेमुळे पार पडे, म्हणून तिला निव्वळ जाच म्हणणे अन्यायाचे ठरेल.

जाच सुरू झाला तो आकडा ऐपतीपेक्षा प्रतिष्ठेवरून ठरू लागल्यावर. ध्वनिक्षेपकावरून रकमा पुकारल्या जाऊ लागल्या, मानपानासाठी उसनवारी होऊ लागली, आणि आहेराची साडी घडीसुद्धा न मोडता, केवळ नावाची चिठ्ठी बदलून, एका मंडपातून दुसऱ्या मंडपात फिरू लागली. अशा साडीत घेणारीच्या आवडीचा किंवा गरजेचा विचार उरलेला नसतो.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र उलटा प्रवास घडला; तेथे खुशीचे देणे हक्क बनले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ पासून, मालकांनी खुशीने दिलेला बोनस, म्हणजे वेतनाखेरीजची जादा रक्कम, नाकारला गेल्यावर कामगारांनी १९२४ मध्ये मोठा संप केला, आणि १९६५ च्या कायद्याने तो हक्क झाला. श्रमाच्या मोबदल्याला हक्काचे रूप येणे न्याय्यच होते. मात्र १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकांची गिरणीतील मिळकत आटली, तरी वहीतील देणी तशीच राहिली.

या सक्तीला विरोधही जुनाच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने कमी खर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला, आणि मागणी न करता दिलेल्या भेटींचीही यादी ठेवावी असा नियम १९८५ मध्ये आला. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधीच्या रूपाने ओवाळणीची रूढी स्त्रीशिक्षणाकडे वळवली; भावाने द्यायचे ते दिलेच, पण ते अनोळखी बहिणींच्या शिक्षणाच्या कामी आले. रूढी न मोडताही तिच्यात हेतू आणता येतो, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

आजऱ्यात अशा हेतुपूर्वक भेटीचे साधन घरचेच आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभलेला आजरा घनसाळ हा सुवासिक तांदूळ मुंबईतील लेकीच्या किंवा भावाच्या घरी पाठवला जातो, तेव्हा पाठवणाऱ्याचे कष्ट आणि घेणाऱ्याची आवड ही दोन्ही त्या पिशवीत असतात.

या साऱ्या मागोव्यातून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. रूढीने ठरवलेली भेट सदोष असतेच असे नाही. परंतु घेणाऱ्याची गरज न पाहता आणि देणाऱ्याची ऐपत न मोजता दिलेला आहेर दोन्ही घरांवर ओझे टाकतो. म्हणून यापुढील कार्यांत वहीतील जुना आकडा पाहण्याआधी त्या घराची आजची गरज विचारावी, आणि ज्याला देणे झेपत नाही, त्याची उपस्थिती पूर्ण मानाने स्वीकारावी.