तांब्याचा बंब : आधी पाणी, मग जाळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाघोलीच्या घरामागे ओट्यावर असलेला तांब्याचा बंब गळू लागला. धार लागली नव्हती. जाळीजवळ थेंब थेंब पाणी पडायचे आणि निखारे फस्स करून विझायचे. नेमका त्याच आठवड्यात भंगारवाला दारावर आला. त्याने बंब तिरका करून पाहिला, बोटाने दोनदा वाजवला आणि वजनावर भाव सांगितला. तांब्याचा सध्याचा भाव असा आहे की घरातली निम्मी माणसे लगेच त्याच्या बाजूची झाली. गीझर आहे, गॅस आहे, मग हे धूड कशाला? अम्मींनी एवढेच विचारले, "गल्लीत मय्यत झाली तर पाणी कशात तापवाल?"

आमच्याकडे हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, तरी अनेक सोसायट्या आणि गल्ल्या अजून बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालतात, आणि वीज गेली की बोअरही बंद पडते. मय्यतीचे गुस्ल तीन वेळा, गरज पडली तर पाच वेळा पाणी घालून होते. पाण्यात बोरीची पाने असतात, शेवटच्या पाण्यात कापूर असतो. पाने पातेल्यात उकळून घेता येतात, पण त्यात मिसळायला कोमट पाणी एकसारखे मिळावे लागते. बाथरूममधला पंधरा लिटरचा गीझर दोन बादल्यांत थंड पडतो. अशा वेळी आमचा बंब चार घरे फिरून आला आहे. दुसऱ्या दिवशी तो घासून पुसून परत यायचा, आणि कोणी त्याबद्दल बोलायचे नाही.

म्हणून भंगारवाल्याला थांबवले आणि बंब रिक्षात घालून कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेला.

पुण्यात राहूनही ज्यांनी ही आळी पाहिली नाही, त्यांनी एकदा मुलांना घेऊन जावे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कुटुंबांची ही वस्ती. ठोक्यांचा आवाज आधी ऐकू येतो, दुकान नंतर दिसते. तांब्याच्या भांड्यावर जे बारीक बारीक खळगे दिसतात, ते नक्षी म्हणून काढलेले आहेत असे आम्हाला इतकी वर्षे वाटायचे. ते मठारकाम. हातोडीच्या एकेका ठोक्याने पत्रा दाबला जातो आणि कडक होतो. पातळ पत्र्याचे भांडे पाण्याने भरूनही फुगत नाही, ते या ठोक्यांमुळे. उलट तांबे लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ पडते, आणि मग ते हवे तसे वळवता येते. तांब्याची दुरुस्ती शक्य होते ती याच गुणामुळे.

कारागिराने बंब उलटा केला, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "भाभी, भांडं चांगलं आहे. नळी भाजलीय. कोरडा पेटवला होता ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. टँकर उशिरा आला होता त्या सकाळी घाईत आधी जाळ केला होता आणि पाणी मागून ओतले होते. पाच मिनिटांचेच काम, असे वाटले होते.

बंबाची रचना आपण रोज पाहतो, पण कधी नीट लक्षात घेत नाही. मध्ये एक उभी नळी असते. तिच्या तळाशी बिडाची जाळी आणि खाली राख पडायची जागा. जळण नळीत वरून घालायचे, धूरही वरूनच जातो. नळीच्या भोवती पाणी असते, त्यामुळे जाळाची बरीच उष्णता चारी बाजूंनी पाण्यात उतरते. काही बंबांना खाली पितळी तोटी असते. काहींमध्ये नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी थेट तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते. हा दुसरा प्रकार जास्त शहाणा, कारण रोजच्या वापरात तो कधी रिकामा होत नाही. तोटीवाला बंब मात्र घरातल्या शेवटच्या अंघोळीच्या माणसाच्या मेहेरबानीवर जगतो.

तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे लाकडाच्या जाळाची त्याला सहसा भीती नाही. भीती सांध्यांना आहे. बऱ्याच जुन्या भांड्यांच्या सांध्यांना कथलाचा डाग असतो आणि नुसते कथील २३२ अंशांनाच पाणी होते. त्यात शिसे मिसळले असेल तर त्याच्याही आधी. नळीला पाणी लागून आहे तोवर तिचा पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून कथील टिकते. पाणी नसेल तर काही मिनिटांत सांधा सुटतो. आमच्या बंबाचे तेच झाले. कारागिराने जुना डाग काढून तिथे पितळेचा डाग दिला. तो कथलापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतो.

बंब परत आणताना त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. नळीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा जाड पांढरा थर होता. हे आपल्या बोअरच्या पाण्याचे देणे. जड पाणी तापले की त्यातला चुना धातूवर बसतो. हा थर तांब्याच्या मानाने शंभरपटीहून कमी उष्णता पुढे जाऊ देतो. त्यामुळे लाकूड जास्त जळते, पाणी उशिरा तापते, आणि थराखालचा पत्रा पाणी असूनही नको तेवढा तापतो. कोरडा पेटवण्याचाच हा सावकाश प्रकार म्हणायचा. ओढ्या-विहिरीच्या हलक्या पाण्यावर ज्यांचे बंब आजोबांपासून चालले, त्यांनी वाघोलीत येऊन तेवढ्यावर विसंबू नये.

थर काढायला आम्ही आता लिंबूसत्त्व वापरतो, बिर्याणीच्या मसाल्याच्या दुकानात निंबू का फूल म्हणून मिळते तेच. दहा लिटर कोमट पाण्याला साधारण पाव किलो, रात्रभर तसेच ठेवायचे, जाळ अजिबात करायचा नाही, सकाळी ओतून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळायचे. फेस येतो, घाबरू नये. वर्षातून दोनदा पुरते. संडास धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही ओतू नये. ते चुन्याबरोबर सांधा आणि पितळी तोटीही खाते.

बाहेरून चिंच-मीठ, लिंबाची साल, पितांबरी, काहीही चालते. पण नंतर भरपूर पाण्याने धुवून कोरडे पुसले नाही तर दोन दिवसांत हिरवे डाग पडतात. तारेच्या घासणीने तांबे खरवडू नये. आणि राख! ती रोज काढावी. ओली राख जाळीला आणि तळाला चिकटून बसते आणि आधी जाळी खाते. आमच्या घरात राख काढण्यावरून जेवढी भांडणे झाली तेवढी वारसाहक्कावरूनही झाली नसतील.

एक हौशी दुरुस्ती आम्ही एका ओळखीच्या घरी पाहिली आणि अंगावर काटा आला. बंबाला नळाचे पाणी जोडले होते, भरायच्या तोंडाला कॉक आणि बाहेर पडायच्या तोंडालाही कॉक. दोन्ही बंद राहिले तर वाफेने जायचे कुठे? बंब हे उघड्या तोंडाचे भांडे आहे, एक वाट कायम मोकळी हवी. नाहीतर बंबाचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही. जोडणी करायचीच तर तांब्याला थेट लोखंडी पाइप लावू नये, मध्ये पितळी तुकडा घ्यावा. तांब्याला चिकटलेले लोखंड ओलाव्यात लवकर सडते.

धुराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. बंब उघड्यावर. बंद बाथरूममध्ये, फ्लॅटच्या कोंदट बाल्कनीत कधीच नाही. जळत्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. पेटवायला दुधाच्या पिशव्या आणि रंग लावलेले लाकूड घालणाऱ्यांना शेजाऱ्यांनी खुशाल बोलावे. आणि बंबातले पाणी फक्त अंगावर घ्यायचे. जुन्या डागात शिसे असू शकते, म्हणून चहाला किंवा भाताला ते घेऊ नये.

तापवलेल्या पाण्याने वुजू केल्यास सवाब कमी होतो का, असे मुले विचारतात. थंडीचा त्रास होत असतानाही वुजू पुरेपूर करण्याची मोठी फजिलत हदीसमध्ये आहे, पण त्यासाठी त्रास ओढवून घ्यावा असे नाही. हजरत उमर (र.) यांच्यासाठी कुमकुमा नावाच्या भांड्यात पाणी तापवले जाई आणि ते त्याने गुस्ल करीत, अशी त्यांचे सेवक अस्लम यांची रिवायत इमाम दारकुतनी यांनी नोंदवली आहे. खुद्द प्रेषित (स.) यांनी पितळेच्या भांड्यातल्या पाण्याने वुजू केल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. आमच्या कोकणातल्या शाफई नातेवाइकांकडे धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेले पाणी मकरूह मानण्याची जुनी चाल आहे; इमाम नववींनी मात्र त्याला भक्कम आधार मानलेला नाही. विस्तवावर तापवलेल्या पाण्याचा त्या चर्चेशी संबंध नाही. प्रेषितांचे (स.) वुजू एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात होई, हे टँकरचे पैसे भरताना आम्हाला जास्त आठवते.

ज्यांच्याकडे बंब नाही, पण माळ्यावर तांब्याच्या टाकीचा जुना विजेचा गीझर पडून आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. टाकी तांब्याची म्हणून ती सहसा गंजत नाही, आणि कॉइल व थर्मोस्टॅट बदलता येतात. आपल्या पाण्यात कॉइलवर थर लवकर बसतो, म्हणून वर्षातून एकदा उघडून पाहावी. मात्र हे गीझर गच्चीवरच्या टाकीच्या बेताच्या दाबासाठी केलेले. दर दहा मीटर उंचीला एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. वाघोलीच्या नव्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर, किंवा प्रेशर पंप असलेल्या वरच्या मजल्यावर, पातळ पत्र्याची जुनी टाकी फुगून सांध्यातून जाऊ शकते. सेफ्टी व्हॉल्व्ह, वितळणारा प्लग आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासल्याशिवाय तो लावू नये. वितळणाऱ्या प्लगच्या जागी साधा प्लग ठोकणारे मिस्त्री भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवावे.

विजेचे म्हणाल तर चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला साधारण सव्वा युनिट लागते. एकट्या घराला गीझर सोयीचा, हे आम्ही नाकारत नाही. आमच्याकडे रोज तोच वापरतात. बंब शुक्रवारी पेटतो, पाहुणे आले की पेटतो.

दुरुस्तीहून आणल्यावर तो रात्रभर पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवला. सकाळी राख तशीच कोरडी होती. धाकट्याने मागच्या भिंतीवर तैलरंगाने "आधी पाणी" असे लिहिले आहे, अक्षर वाकडे आहे पण दिसते. बिडाची जाळी तेवढी झिजली आहे. मापाची नवी मिळाली नाही, म्हणून येत्या रविवारी जुन्या बाजारात पाहणार आहोत. अम्मींनी सुतळीने माप घेऊन ठेवले आहे.