परिपत्रकांचे दशक

२१ जानेवारी १५२५ रोजी झ्युरिक शहरातील एका घरात जमलेल्या मूठभर माणसांनी नगरसभेची आज्ञा धुडकावून, लहानपणीचा बाप्तिस्मा व्यर्थ मानून, एकमेकांना प्रौढ वयात नव्याने बाप्तिस्मा दिला आणि धर्माच्या बाबतीत सरकारचा हुकूम चालणार नाही असे आचरणाने जाहीर केले. त्या घटनेस पाचशे वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव जगभरच्या मेनोनाइट मंडळ्यांनी २०२५च्या मे महिन्यात त्याच शहरात साजरा केला. जमलेल्यांपैकी फेलिक्स मांझ यास पुढे दोन वर्षांतच लिम्मत नदीत बुडवून मारले गेले. १५३६ मध्ये रोमन चर्चचा त्याग करून त्यांना येऊन मिळालेला डच धर्मगुरू मेनो सिमन्स याचे नाव पंथास चिकटले. त्या उत्सवाचे वृत्त बल्लारपुरात वाचताना मला मांझपेक्षा आमच्या मंडळ्यांचीच आठवण अधिक झाली, आणि ती सुखाची नव्हती.

हा पंथ आपल्याकडे अगदीच परका आहे असे कोणी समजू नये. अमेरिकन मेनोनाइट मिशनने १८९९ मध्ये ज्या धमतरीस ठाणे दिले ती धमतरी आणि आमचा चांदा जिल्हा हे दोन्ही त्या काळी नागपूरच्या अमलाखालील मध्यप्रांतात होते. आणि वर्धेपलीकडच्या तेलुगू मुलखात, महबूबनगराकडे, मेनोनाइट ब्रदरन मंडळ्या आजही मोठ्या संख्येने आहेत. चांद्यास मात्र स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आले, म्हणजे बिशपांची परंपरा आली. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम आणि वार्षिक अहवाल यांनी भरलेली पुढची सत्तर वर्षे आदरणीय असली तरी वाचावयास कंटाळवाणी आहेत. ती मी ओलांडून जातो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स महामंदिरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मेनोनाइट बाहेर राहिले. पण त्यांचे जवळचे भाऊबंद, तसेच शांतिवादी आणि मंडळीच्या सभेस सर्वोच्च मानणारे, डहाणू-वलसाड भागातील चर्च ऑफ द ब्रदरन, आत आले. आत आले असे म्हणावयाचे, कारण गुजरातेतील त्यांच्यापैकी काहींनी पुढे कोर्टात दावा लावला की, आमच्या पुढाऱ्यांनी ठराव केला म्हणून आमची मंडळी विसर्जित होत नाही आणि आमच्या जमिनी, बंगले व प्रार्थनामंदिरे बिशपांच्या दफ्तरी चढत नाहीत. दावा पिढीभर चालला. ३० सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो ठराव अमान्य ठरविणारा: सार्वजनिक विश्वस्त संस्थेची मालमत्ता कायद्याचा मार्ग सोडून, केवळ सभेच्या ठरावाने, दुसऱ्याच्या नावे जात नाही.

येथून जे दशक सुरू झाले त्याविषयी मला मुख्यतः लिहावयाचे आहे. अडीच महिन्यांतच, ११ डिसेंबर २०१३ रोजी, त्याच न्यायालयाने समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ पुन्हा जिवंत केले. त्या दाव्यात दिल्लीच्या एका ज्योतिषाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या अपीलकर्त्यांत केरळातील अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांची नावे वाचून मी थक्क झालो. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून एके काळी माणसे पाण्यात बुडाली. येथे धर्मसंस्थाच सरकारी फौजदारी कलम टिकावे म्हणून अर्जदार झाल्या होत्या!

त्याच वेळी अमेरिकेतील मेनोनाइटांत काय चालले होते? २०१४च्या आरंभी एका प्रादेशिक परिषदेने डेन्व्हरच्या मंडळीतील समलिंगी नात्यात असलेल्या एका स्त्रीस पाळकपदाचा परवाना दिला आणि भांडणास तोंड फुटले. २०१५ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी एकीकडे, मतभेद असले तरी परस्परांस सांभाळून घ्यावे असा ठराव केला, तर दुसरीकडे, पाळकांनी समलिंगी विवाह लावू नयेत या जुन्या नियमावरही शिक्कामोर्तब केले. कोणाचेच समाधान झाले नाही. लँकेस्टरची जुनी व सर्वांत मोठी परिषद बाहेर पडली. आणि २०२२ मध्ये खास अधिवेशन भरवून तो नियमच रद्द करण्यात आला. वाद विवाहाचा दिसत असला तरी खरा प्रश्न हाच होता की, मंडळीचे ऐकावे, परिषदेचे, की राष्ट्रीय सभेचे; आणि तो त्यांनी उघड्या सभागृहात, रडून-भांडून लढविला.

आमच्याकडे परिपत्रके आली. परिचयाच्या एका मंडळीचे कापडी बांधणीचे जुने इतिवृत्त मी चाळले आहे. १९६०च्या सुमाराच्या पानांवर घंटेची दोरी कोणी ओढावी या विषयावरही 'अमुक यांनी हरकत घेतली. बहुमताने नामंजूर' अशा नोंदी असून समासात हरकतदाराची सही आहे. या दशकातील पानांवर प्रत्येक गंभीर विषयाखाली तीनच शब्द सापडतात: 'वाचून दाखविले. नोंद.' त्या सभांत, विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचाच असतो, इतके सांगून पुढील विषय घेतला जाई. एक वजनदार वडीलधारे गृहस्थ या प्रश्नास 'पाश्चात्त्यांचा रोग' म्हणत; त्यांनी स्वतः पाश्चात्त्य मिशनचा बंगला वर्षानुवर्षे बळकावला होता आणि ज्या कलमाचा ते पुरस्कार करीत ते १८६०चे इंग्रजांचे होते, या दोन गोष्टी त्यांच्या कधी ध्यानात आल्या नाहीत. मी तेव्हा हे बोललो असतो तर बरे झाले असते असे काही स्नेही म्हणतात. मी बोललो होतो, इतिवृत्तात नाही एवढेच.

मतस्वातंत्र्यास जागा नव्हती असेही नाही. ज्या संस्थेत मेनोनाइट आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया दोघेही सभासद आहेत त्या राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. मंडळ्यांनी हा विषय अभ्यासावा असा तिचा आग्रह होता, आणि २०१७ मध्ये तिच्या विद्यमाने त्यावर एक लेखसंग्रहही निघाला. तो बल्लारपुरात कोणाच्या टेबलावर मी पाहिला नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस गुन्हा ठरविणारा, भाग गेला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने समलिंगी जोडप्यांस विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला; नागरी सहजीवनाच्या मान्यतेवर पीठ तीन विरुद्ध दोन असे दुभंगले. त्याच वर्षी १८ डिसेंबरास व्हॅटिकनने अशा जोडप्यांस, विधीचे रूप न देता, आशीर्वाद देण्याची मुभा दिली. कॅथलिकांच्या चांदा धर्मप्रांताचे पीठ येथे, बल्लारपुरात, आहे. त्यामुळे तेव्हा तरी गावात बोलणे होईल असे वाटले. परंतु त्यांच्या सायरो-मलबार चर्चमध्ये धर्मगुरूने मिस्सा लोकांकडे तोंड करून करावी की वेदीकडे, या २०२१च्या सिनॉड-निर्णयावरून एर्नाकुलमास बंड माजले होते, आणि हुकूम कोणाचा मानावा हा प्रश्न तेथेही आधीच पेटलेला होता.

माझे मत सरळ आहे. सरकारने दोन प्रौढांच्या विवाहाची नोंद करावी. आशीर्वाद द्यावा की नाही हे त्यांच्या मंडळीने, त्यांना समोर बसवून, ठरवावे. पेटीवर बसणारा एक हुशार तरुण त्या वर्षांत येईनासा झाला. त्यास कोणी काढले नाही, कोणी विचारलेही नाही.

२०२३च्या विवाहविषयक निकालावरील फेरविचाराचे अर्ज २०२५च्या जानेवारीत फेटाळले गेले. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा म्हणून मी लेखी दिले होते; चिटणिसांनी अध्यक्षांच्या परवानगीने छताच्या पत्र्यांचा विषय आधी घेतला आणि सभा तहकूब झाली. छत गळत होते, हे मान्य. अर्ज पुन्हा लिहिला आहे. या खेपेस आवक क्रमांक घालून पोहोच घेणार आहे.