परिवलनाचा प्रवास

पाण्यात टाकलेला शाईचा थेंब सावकाश पसरत जातो. शाईचे कण पाण्याच्या रेणूंच्या धडका खात कधी पुढे, कधी मागे जातात; त्यामुळे चौपट अंतर व्यापण्यास त्यांना सोळापट काळ लागतो. या क्रियेस विसरण म्हणतात. याउलट, ज्याला अडथळाच नाही असा कण चौपट अंतर चौपट काळातच कापतो.

चुंबकातील परिवलन यांपैकी कोणत्या रीतीने पसरते? (परिवलन या शब्दावरून इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो, अशी कल्पना वाचकाने करून घेऊ नये. त्याच्या चुंबकत्वाची दिशा मोजली असता ती ‘वर’ किंवा ‘खाली’ आढळते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.) शेजारच्या परिवलनांचा एकमेकांवर होणारा परिणाम हायझेनबर्ग यांनी १९२८ साली गणिताच्या भाषेत मांडला आणि १९३१ साली बेथे यांनी एका ओळीतील परिवलनांच्या साखळीपुरते ते गणित अचूक सोडविले. अशा साखळीत दोन तरंग परस्परांवर आदळले तरी आपापला वेग गमावीत नाहीत; पार होऊन पुढे जातात. साहजिकच तेथे सारे काही अडथळ्यावाचून वाहील, असे वाटावे. उष्णता खरोखरच तशी वाहते. परिवलन मात्र तसे वाहत नाही!

सर्व दिशा समान असलेल्या साखळीत, उच्च तापमानास, परिवलनाला चौपट अंतरासाठी आठपट काळ लागतो, हे २०११ पासूनच्या संगणकीय आकडेमोडींतून दिसून आले. पुढे २०२१ मध्ये पोटॅशियम, तांबे व फ्लुओरीन यांच्या संयुगाच्या स्फटिकावर न्यूट्रॉनांचा मारा करून, आणि २०२२ मध्ये प्रकाशकिरणांच्या जाळीत धरलेल्या रुबिडियमच्या अणूंवर, हेच प्रमाण पडताळले गेले.

नवल असे की, कार्डर, पारिसी व झांग यांनी १९८६ साली वाढत्या पृष्ठभागांसाठी जे समीकरण दिले, त्यातूनही हेच प्रमाण निघते. धुमसत जाणाऱ्या कागदाची वेडीवाकडी कडा त्या समीकरणानुसार सरकते. मग चुंबक आणि जळता कागद यांचा नियम एकच समजावयाचा काय? येथे सावध राहावयास हवे. जळती कडा एकाच दिशेने पुढे जाते. परिवलनांच्या समतोल साखळीत ‘वर’ आणि ‘खाली’ यांत डावेउजवे करता येत नाही. २०२४ साली गूगलच्या संशोधकांनी ४६ क्यूबिटांच्या साखळीत परिवलनाच्या स्थलांतरातील चढउतार बारकाईने मोजले, तेव्हा वेगाचे प्रमाण जुळले, पण चढउतारांची ठेवण त्या समीकरणाशी जुळली नाही. प्रमाण तेच, नियम मात्र निराळा. तो कोणता, याचा शोध अद्याप चालू आहे.