शेत नसलेल्या गावातली सुगी

शेकडो वर्षं पश्चिम किनाऱ्यावर एकाच जागी राहणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या माणसांना 'ईस्ट इंडियन' हे नाव कसं पडलं असावं? आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न कधी पडत नाही, कारण ही माणसं आपल्याला ठाऊकच नसतात. ख्रिस्ती म्हटला की तो गोव्याचा, असं आपण परस्पर ठरवून मोकळे झालेलो असतो. वास्तविक अंधेरीचं आंबोली, मरोळ, सहार, चकाला, पलीकडे गोराई, मनोरी ही सगळी त्यांची गावठाणं. उपनगरं त्यांच्याभोवती नंतर वाढली.

नावाची हकीकत मोठी गमतीची आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली ते साल १८८७. गोवा, मंगळूरकडचे ख्रिस्ती तेव्हा नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागले होते. त्यांच्यापेक्षा आपण निराळे, आपण इथले, आणि कंपनी सरकारच्या वेळेपासून चाकरीत असलेले, हे गोऱ्या साहेबाला कळावं म्हणून मुंबई, साष्टी आणि वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून आपलं नाव घेतलं. त्याच वर्षी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली. कंपनी त्याआधीच, १८७४ साली, मोडीत निघाली होती! कंपनी गेली, साहेब गेला, राणी गेली. नाव तेवढं चिकटून राहिलं.

या समाजाचा सुगीचा सण म्हणजे आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार त्याचा. शेत या अर्थाच्या 'आगेर' या लॅटिन शब्दावरून हे नाव आलं, असं सांगतात. हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं असतं, गरवं अजून उभं असतं. नव्या पिकाच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि मग त्या घरोघर द्यायच्या, असा एकूण बेत. आम्ही सहकुटुंब तो पाहायला मरोळला गेलो. मुलुंडहून गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. बायको आणि दोन्ही मुलं हौसेने निघाली. आईचं वय ऐंशीच्या घरात, आणि चर्चमध्ये आपण जाऊन काय करायचं हा तिचा प्रश्न. "भाताचा सण आहे," एवढंच मी तिला सांगितलं. त्यावर तिने निमूटपणे चपला घातल्या.

आता मरोळमध्ये भात कुठे, हे कुणीही विचारील. मेट्रोच्या खिडकीतून दिसतात ते पत्रे, काचेच्या इमारती आणि निळ्या ताडपत्र्या. या पट्ट्यातल्या गावांची शेतं कुठे गेली याचा हिशेब फार अवघड नाही. काही विमानतळाखाली गेली, काही एमआयडीसीत. १९४९ साली आरेची दूध वसाहत झाली, १९७३ साली सीप्झ आलं. सीप्झच्या कुंपणाच्या आत तर एक अख्खं चर्च उभं आहे. सेंट जॉन द बॅप्टिस्ट. १५७९ साली जेझुइटांनी ते कोंडिविट्याला बांधलं. १८४० साली गावात साथ आली, वस्ती उठली आणि चर्चचा कारभार मरोळला हलला. जुन्या भिंती पडीक राहिल्या आणि पुढे त्यांच्याभोवती निर्यातीचे कारखाने उभे राहिले. आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये मरोळकरांची वार्षिक प्रार्थना मे महिन्यात होत आली आहे, ती कारखान्यांच्या फाटकातून आत जाऊन. शेतांना तेवढंही भाग्य लाभलं नाही.

गावठाणात शिरलो तेव्हा बँड सुरू झाला होता. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची थोडी घरं आणि त्यांच्या मधेमधे उगवलेले चार-पाच मजले. क्रुसाजवळ भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या. बायका चौकड्यांच्या लुगड्यात होत्या, गुडघ्याखाली चोपून नेसलेल्या. केसांत फुलं, अंगावर ठसठशीत सोनं. आईने एकीकडे निरखून पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "अरे, ह्या तर आपल्यासारख्याच नेसल्यात!" तिच्या लेखी ख्रिस्ती बाई म्हणजे फ्रॉक. त्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडलं तेव्हा तर तिची कळी खुलली. बोली आगरी-कोळ्यांच्या जवळची, ठेका खास त्यांचा. मिरवणूक चर्चच्या दाराशी पोचेपर्यंत आईची एका म्हातारीशी गट्टी जमली होती आणि विषय होता आंबेमोहर पूर्वीसारखा का लागत नाही हा.

सगळंच काही भारावून जाण्यासारखं नव्हतं. ध्वनिक्षेपकावर कुणीतरी सारखं इंग्रजीतून सूचना देत होतं. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं लोंब्यांपेक्षा लोंब्यांच्या फोटोत जास्त रमली होती. माझी मुलं त्यात सामील झाली हे वेगळं सांगायला नको. आजीशी मराठीत बोलणारी नातवंडं फार थोडी दिसली. लुगडं वर्षातून एकदा कपाटातून निघतं तसं भाषेचंही होईल की काय, असं मनात येऊन गेलं. अर्थात आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली मराठी पोरं जिन्यात कोणत्या भाषेत भांडतात हे मला ठाऊक आहे.

जेवणाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. तळून टम्म फुगलेले फुगे (त्यांचं नावच फुगे), सोर्पोतेल, आणि जिकडेतिकडे बाटली मसाल्याचा वास. हा मसाला उन्हाळ्यात करतात, पावसाळ्याच्या आधी. वीस-बावीस किंवा त्याहून अधिक जिनसा उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायच्या. गडद काचेतून उजेड आत जात नाही, मसाला वर्षभर टिकतो. प्रत्येक घराचं माप वेगळं आणि ते बाहेर सांगायचं नाही असा दंडक. बायकोने दोन ठिकाणी लाडीगोडी लावून पाहिली. दोन्हीकडे हसून मसाला दिला, माप दिलं नाही.

बिअरच्या बाटलीवरून आठवण झाली. माझा मेहुणा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. ते शहर १९६८ पासून मुंबईचं 'भगिनी शहर' आहे, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. तिथे दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस कानश्टाटची प्रचंड जत्रा भरते. मेहुणा तिचे फोटो पाठवतो ते सगळे तंबूंचे आणि बिअरच्या मगांचे. पण त्या गर्दीच्या मधोमध सुमारे २५ मीटर उंचीचा एक खांब असतो, फळं, भाज्या आणि धान्याच्या पेंढ्यांनी सजवलेला. त्याचा इतिहास चटका लावणारा आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेने आभाळ झाकलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं बुडाली, व्युर्टेम्बर्गच्या राज्यात लोकांची अन्नान्नदशा झाली. त्यातून सावरल्यावर राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ साली शेतकऱ्यांसाठी ही जत्रा सुरू केली. बरं, तिकडच्या चर्चमधला सुगीचा सणही बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीच येतो. शहरातल्या चर्चमध्येसुद्धा वेदीपाशी गव्हाच्या पेंढ्या आणि भोपळे मांडतात. पाळण्यात बसून किंचाळणाऱ्या पोरांना त्या खांबाखालची भूक ठाऊक नसेल. तरी खांब दर वर्षी उभा राहतो आणि तो उभा करताना कुणालातरी गहू आणावाच लागतो.

मरोळचा गहू, म्हणजे भात, कुठून येतो ते मी एका वयस्क गृहस्थांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वसईच्या पलीकडून मागवतो. तिथे अजून थोडं लावतात." त्यांच्या लहानपणी, समोरची टोलेजंग इमारत उभी आहे तिथे त्यांचं स्वतःचं खाचर होतं. लोंब्या विकत आणताना काही वाटत नाही का, हा माझा पुढचा प्रश्न जिभेवरच राहिला. त्यांनी हातातली पेंढी ज्या तऱ्हेने धरली होती, देठाकडून, झटकून, दाणा सांडू न देता, ते पाहून तो विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

प्रार्थना झाल्यावर लोंब्या वाटल्या. आईच्या त्या मैत्रिणीने तिच्या हातात चार लोंब्या ठेवल्या आणि म्हणाली, "दाराला लाव, बाय." आई चकित झाली. आमच्याकडे राजापुराकडे नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतात, भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि झेंडू. ती पौर्णिमाही याच दिवसांत येते. मुंबईला आल्यापासून आईने नवं बांधलेलं नाही. ब्लॉकच्या दाराला बांधायला लोंबी आणणार कुठून?

आता थोडं आमच्या घरातलं. राजापूर तालुक्यात आईच्या नावावर माहेरचं एक शेत आहे, ओढ्याकाठचं. मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं आहे, भाव बरा आहे. मामेभावाचे सारखे फोन येतात की दिवाळीच्या आत सह्या उरकू. मलाही त्यात गैर वाटत नव्हतं. आईने कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

लोंब्या तिने त्याच रात्री दाराला बांधल्या. आंब्याचं पान खाली फुलवाल्याकडून आणवलं. दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन आला तेव्हा मी तो तिच्याकडे दिला. तिने सह्यांचं काही काढलंच नाही. एवढंच विचारलं, "औंदा आपल्या शेतात लावणी केली का रे कुणी?" पलीकडून उत्तर आलं की तीन वर्षं कुणी उतरलेलं नाही, गवत कमरेपर्यंत वाढलंय, माणसंच मिळत नाहीत, तुला काय माहीत नाही का आत्ये.

आईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्याला विचार, एका खाचराला बियाणं किती लागेल." भाऊ हसला, पण त्याने हिशेब करून सांगितला. कागद अजून टेबलाच्या खणातच आहेत.