झडप-मार्गदर्शकाची झीज, जुन्या मोटारींतील
झडपेचा दांडा ज्या नळीतून वरखाली सरकतो तिला झडप-मार्गदर्शक म्हणतात. ही नळी बिडाची किंवा काशाची असून नळी व दांडा यांमध्ये वंगणापुरती, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी फट ठेवतात. जादा तेल आत जाऊ नये म्हणून पुष्कळ एंजिनांत दांड्यावर रबरी तेलरोधक कडे बसवितात.

रॉकर भुजेच्या तिरक्या रेट्याने नळीचे तोंड लंबवर्तुळाकार झिजते, तर उष्णतेने रबर कडक होऊन तडकते. मग प्रवेगक सोडल्यावर आदान नळीतील दाब घटून तेल सिलिंडरात ओढले जाते व उतारानंतर पुन्हा वेग घेताना निळसर धूर येतो. दट्ट्याची कडी झिजल्यास मात्र भाराखाली सतत धूर येतो आणि संपीडन-दाब कमी भरतो. हा फरक न ओळखल्यास सिलिंडर विनाकारण कातले जातात.

सैल नळीवर नवे कडे टिकत नाही. ‘अँबॅसडर’ मोटारीच्या (उत्पादन २०१४ पर्यंत) १,४८९ घ. सेंमी. एंजिनातील नळ्या दाबून बसविलेल्या असल्याने बदलता येतात. त्यानंतर झडपेची बैठक नव्या नळीशी समकेंद्री करून घ्यावी लागते.